मॅटाडोरचं अस्तर

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर गुडघ्यांना तेल लावत बसतात. आमच्या ह्यांनी मॅटाडोर घेतली. मला न सांगता, न विचारता घेतली आणि चाळीच्या पटांगणात आणून उभी केली. मग खालून हाक मारली, "बकुळा, जरा खाली ये गं!" मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच ठेवून तीन जिने उतरले. ते वरच ठेवून गेले असते तर पुढचं बोलणं कदाचित थोडं सौम्य झालं असतं.

गाडी चौऱ्याऐंशी सालची होती, म्हणजे आमच्या लेकीहून, अनुजाहून मोठी आणि माझ्याहून धाकटी. खाली निळी, वर दुधी, गोल दिव्यांची, नाक चपटं. आधी ती लालबागच्या एका बँजो पार्टीकडे होती. दारावरचं नाव खरवडून काढलेलं असलं तरी 'बँजो' एवढं अजून वाचता येत होतं. आमचे गंगाधर तिच्या शेजारी असे उभे होते, जणू तिला त्यांनीच जन्म दिला आहे.

"आत पलंग बसतो," ते म्हणाले. "बाजूला शेगडी, पाण्याचा ड्रम. आपण दोघं जायचं. जिथे संध्याकाळ होईल तिथे मुक्काम. चौतीस वर्षं बस चालवली, रोज रात्री डेपोत नेऊन लावली. आता मला गाडी कुठे परत न्यायची नाहीये."

एवढं बोलून त्यांनी कौतुकाने गाडीच्या टपावर थाप मारली. ढण्ण असा आवाज आला.

"हा पत्रा आहे," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला. त्यांनाही तो आवाज आत्ताच ऐकू आला असावा.

मी पत्र्यावर एवढी का उखडते, ते सांगायला हवं. वडाळ्याच्या मिठागरांच्या बाजूला आमची एक खोली होती, चारी बाजूंनी पत्रा, वरही पत्रा. मार्च लागला की दुपारी आत थांबणं अशक्य व्हायचं. आम्ही भावंडं शाळेच्या जिन्याखाली जाऊन पडायचो. आई मात्र आतच असायची. ती रद्दीच्या पिशव्या चिकटवायची, आणि वाऱ्याने कागद उडतात म्हणून दार लोटून बसायची. तिच्या पाठीवरचं घामोळं कधी बरं झालेलं मी पाहिलं नाही. संध्याकाळी आम्ही घरात आलो की ती हसून म्हणायची, "या, भाकरी आणि मी, दोघी भाजून तयार आहोत." आम्ही हसायचो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

पुढे गंगाधरांकडची मंडळी मला बघायला आली. नोकरी काय, शिक्षण किती, हे आमच्या मामांनी विचारून घेतलं. आईने एकच विचारलं, "घराला वर काय आहे?" माझे सासरे गोंधळले. वर काय आहे म्हणजे काय सांगायचं? विचार करून म्हणाले, "वर जाधव राहतात. माणसं चांगली आहेत." आईला हसू आवरेना. डोक्यावर जाधव राहतात, म्हणजे डोक्यावर पत्रा नाही. माझं लग्न तिथल्या तिथे ठरलं. लग्नानंतर आठवड्याभरात मी गंगाधरांना सांगितलं होतं, सोनंनाणं नको, फिरणं नको, फक्त परत पत्र्याखाली झोपायची वेळ आणू नका. त्यांनी शब्द दिला होता, आणि तो पस्तीस वर्षं पाळलाही होता.

"आता म्हातारपणी शब्द मोडताय," मी पटांगणात सगळ्यांदेखत म्हटलं. लाटणं हवेत होतं. वरच्या मजल्यांवरची कठड्याला टेकलेली माणसं हळूच आत गेली.

गंगाधर भांडत नाहीत, हीच त्यांची वाईट खोड आहे. ते नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "फणसवाडीतल्या अभयला गाडी हवी आहे. कॉफीचं दुकान करणार म्हणतो, फिरतं. त्याला देऊन टाकतो." आणि आमटी भुरकत राहिले. मला कळत होतं. एकट्याने फिरायचं असतं तर त्यांनी मोटरसायकल घेतली असती. पलंग दोघांचा मोजला होता. हा माणूस चौतीस वर्षं मागे बसलेली माणसं आरशात बघत आला, आणि त्याला त्या आरशात आता मी हवी होते. मलाही जायचं होतं. खोटं कशाला सांगू? फक्त त्या ढण्णच्या खाली नको होतं.

तोडगा अनुजाने काढला. ती अंधेरीला नोकरी करते आणि जगातलं सगळं तिला फोनवर कळतं. "आई, छताला इन्सुलेशन करतात. परदेशात लोक असल्या गाड्यांतून बर्फात राहतात."

"आपल्याकडे बर्फ नाही पडत. आपल्याकडे वैशाख आहे."

"तेच उलटं. गरम बाहेर ठेवायचं."

मग मी अट घातली. बुद्ध पौर्णिमा झाल्यावर जो रविवार येतो, त्या दिवशी दुपारी बारा ते दोन मी गाडीत आडवी होईन. घाम आला तर गाडी अभयची, नाही आला तर मी तुमच्याबरोबर. आणि दोघांनीही खोटं बोलायचं नाही. गंगाधरांनी लगेच अभयला फोन करून त्या रविवारी यायला सांगितलं. माणूस सरळ आहे, त्याचाच तर त्रास आहे.

ते त्याच संध्याकाळी लालबागच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि 'इन्सुलेशन द्या' म्हणाले. दुकानदाराने विचारलं, किती? हे म्हणाले, एका मॅटाडोरला लागेल तेवढं. येताना वायरींना गुंडाळतात त्या काळ्या टेपची बारा रिळं घेऊन आले. ती अजून आमच्याकडे आहेत, आणि अजून एकही वायर तुटलेली नाही.

टेपचा किस्सा तळमजल्यावरच्या तात्यांपर्यंत पोचायला दहा मिनिटं पुरली. तात्या मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, आणि स्वतः तात्या मखरं करतात. पन्नास वर्षं त्यांनी लालबाग-परळात घरगुती गणपतींची मखरं केली. थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ते पुठ्ठ्यात आणि कापडात काम करतात, पण जुन्या थर्माकोलचे ताव त्यांच्या पोटमाळ्यावर अडकून पडले होते. टाकवतही नव्हते आणि वापरताही येत नव्हते.

"वयनी, थर्माकोलात बर्फ ऱ्हवता, मासो ऱ्हवता, तुमी दोगा ऱ्हवश्यात नाय?" ते मला म्हणाले. "माका सात दिवस द्या."

सात दिवस त्यांनी गाडीला आतून चादर लावली आणि कोणालाही डोकावू दिलं नाही. अनुजाने फोनवरून मागवलेलं एक जाडजूड गुंडाळं आलं होतं, तेही त्यांच्याकडे दिलं. आठव्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून आत चढवलं.

मी बौद्धाची मुलगी आणि बौद्धाची सून. मखरात बसण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता, तो त्या दिवशी आला. वर पाहिलं तर थर्माकोलचं पांढरंशुभ्र आकाश, त्यावर कोरलेली वेलबुट्टी, कडेने सोनेरी कागदाची झालर, आणि बरोबर मधोमध पाकळ्या पाकळ्यांचं केवढं तरी मोठं कमळ.

"कमळ मुद्दाम काडलंय," तात्या म्हणाले. "ता तुमका पण चलता, आमका पण."

हसू दाबून मी आडवी झाले. सकाळचे अकरा होते. खरं सांगते, उकाडा निम्मा झाला होता. निम्माच, कारण थर्माकोलच्या तावांच्या मधून गाडीच्या लोखंडी फासळ्या उघड्या दिसत होत्या आणि त्या तापल्या होत्या. पण निम्मा म्हणजे काही कमी नाही. गंगाधर इतके खूश झाले की म्हणाले, चला, एक चक्कर मारून येऊ.

आम्ही निघालो. पुढे हे, शेजारी तात्या, मागे पलंगावर मी आणि अनुजा. लालबागच्या मसाला गल्लीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. मे महिना, सगळ्या गल्लीत मिरची कुटायचं काम चाललेलं. मला शिंक आली, बरोबर तेव्हाच गंगाधर स्पीडब्रेकरवर गाडी चढवत होते, आणि अख्खं आकाश माझ्या डोक्यावर आलं.

आधी झालर आली. मग वेलबुट्टी आली. शेवटी कमळ आलं, ते सावकाश, एखाद्या मोठ्या माणसाने गादीवर बसावं तसं माझ्या मांडीत बसलं. अनुजाच्या केसांत थर्माकोलचे दाणे भरले होते. खिडकीतून सोनेरी कागदाचे तुकडे बाहेर उडत होते आणि फुटपाथवर मिरचीचं पोतं घेऊन उभा असलेला एक माणूस दोन्ही हात वर करून ओरडला, "पुढच्या वर्षी लवकर या!" सगळी गल्ली हसली. मी पहिल्यांदा चिडले, मग मलाच इतकं हसू लोटलं की पोटात दुखायला लागलं.

तात्या तेवढे हसले नाहीत. ते मागे वळून टाचण्यांकडे बघत होते. सगळं काम त्यांनी टाचण्यांवर आणि पांढऱ्या गोंदाच्या थेंबांवर उभं केलं होतं, मखर करतात तसं. मखर दीड दिवस, पाच दिवस, फार तर अकरा दिवस टिकायचं असतं, आणि बाराव्या दिवशी पोरंसोरं ते हाताने उतरवतात. ते सहज निघावं हीच त्यातली कारागिरी. तात्यांनी आयुष्यात अकरा दिवसांपेक्षा जास्त टिकणारं काही बांधलंच नव्हतं.

"वयनी, माजां चुकला," ते एवढंच म्हणाले.

रविवारला पाच दिवस उरले होते. पटांगणात गंगाधर गाडी रिकामी करत होते. नुसता केर भरत होते. मला वाटलं, झालं, जिंकलीस तू बकुळा. आणि जिंकल्यासारखं काहीच वाटेना. हा माणूस रविवारी अभयच्या हातात किल्ली ठेवील आणि वर येऊन आमटी भुरकत बसेल, आणि मी उरलेलं आयुष्य त्या भुरकण्याचा आवाज ऐकत काढीन, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मला ते नको होतं. मला जायचं होतं, आणि हे मी पहिल्यांदाच स्वतःशी सरळ कबूल केलं.

केर भरता भरता सीटखाली ते गुंडाळं सापडलं, अनुजाने मागवलेलं. तात्यांना ते सामानाला गुंडाळून आलेलं वेष्टन वाटलं होतं, म्हणून त्यांनी ते खाली अंथरून त्यावर बसून काम केलं होतं. मी ते उलगडलं. बोटाएवढ्या जाडीचा फोम आणि त्याच्या एका अंगाला चकचकीत चांदीचा कागद. बोटांनी दाबून पाहिलं. दाबलं तसं वर आलं.

"हे तर आमचं अस्तर!" मी ओरडलेच.

लग्नानंतर बावीस वर्षं मी लोअर परळच्या एका गाळ्यात टिफिनच्या पिशव्या शिवल्या. डबा गरम राहतो त्या. बाहेरून कापड, मधे फोम, आतून चांदी, आणि कडेने पायपिंगचा गोट. दिवसाला पन्नास. बावीस वर्षांत किती झाल्या ते तुम्हीच ठरवा. गाळ्यात त्याला आम्ही 'अस्तर' म्हणायचो. इन्सुलेशन हा शब्द तिथे कोणी उच्चारला नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी माझी ट्यूब पेटली असती. आणि आमच्या ह्यांना, अनुजाला, चाळीतल्या कोणालाच सुचलं नाही की घरात ह्या कामाची उस्ताद बसली आहे. त्यांना काय बोलणार? मलाच सुचलं नव्हतं.

"अहो," मी गंगाधरांना म्हटलं, "ही गाडी म्हणजे मोठी टिफिनची पिशवी आहे. तुम्ही पोळी आणि मी भाजी. ठेवा तो झाडू. तात्यांना बोलवा."

तात्या यायला तयार नव्हते. मी स्वतः त्यांच्या दारात गेले. म्हटलं, थर्माकोलचं काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार? आणि ते खरंच होतं. सगळं चिकटवायला मी मोचीकडचं सोल्यूशन आणणार होते. तात्यांनी थर्माकोलच्या तुकड्यावर त्याचा एक थेंब टाकून दाखवला. तुकडा सूं करून आत विरघळला, भोक पडलं. माझं अर्धं छत त्या थेंबात गेलं असतं.

मग आमचे पाच दिवस जे गेले, तशा दिवसांसाठी माणसाने निवृत्त व्हावं. सकाळी पटांगणात सावली असेतो तात्या आणि गंगाधर फासळ्यांच्या मधे थर्माकोल बसवायचे, आणि फासळ्यांवरही फोमच्या पट्ट्या, कारण एक जरी लोखंड उघडं राहिलं तरी ऊन तिथूनच आत उतरतं. मी वर खोलीत मशीनवर अस्तराचे चौकोन शिवायची. गाळ्यातल्या वैशालीला फोन करून दोन दिवस बोलावून घेतलं. ती आली ती मोठी कात्री घेऊनच. शिवताना एकच गोष्ट सांभाळायची असते: टाके फक्त कडेला. मधे टाका मारला की फोम तिथे चेपतो, आणि चेपलेल्या जागेतून ऊब पळते. नव्या मुली गाळ्यात हीच चूक करायच्या, नक्षी काढायला जायच्या, आणि डबा दुपारी गार निघायचा.

तात्यांशी माझं भांडण झालं ते चांदीवरून. मी म्हटलं, चांदी वरच्या बाजूला, पत्र्याकडे तोंड करून लावायची, आणि वरचा थर्माकोल आणि चांदी यांत दोन बोटं मोकळी ठेवायची. पिशवीत ऊब आत असते म्हणून चांदी आत. इथे ऊन बाहेर आहे.

तात्यांना ते पटेना. आयुष्यभर त्यांनी चकचकीत बाजू बघणाऱ्याकडे ठेवली होती. "वयनी, अशी लावली तर चांदी दिसतली कोणाक?"

"उन्हाला."

तात्यांनी मान डोलावली.

खालच्या बाजूला मी दादरहून आणलेलं साधं मांजरपाट लावलं. पांढरं, कोरं. वेलबुट्टी नाही, झालर नाही. चौकोन तयार झाले, लाकडी पट्ट्या कापून झाल्या, आणि गंगाधरांनी स्क्रूची पिशवी काढली. तात्यांचा हात थांबला.

"स्क्रू मारलो तर मगे काढूचो कसो?"

"काढायचाच नाही, तात्या," गंगाधर म्हणाले.

"मे म्हयनो सरलो की?"

"तरीही नाही."

तात्या आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "म्हणजे ह्यां ऱ्हवतलां?" त्यांनी विचारलं. आम्ही हो म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली, एका पट्टीच्या मागच्या बाजूला, जिथे कोणाला कधी दिसणार नाही तिथे, आपलं पूर्ण नाव आणि गावाचं नाव लिहिलं, आणि ती पट्टी स्वतः वर चढवली. पहिला स्क्रू त्यांनीच पिळला. मखराच्या मागे त्यांनी कधी नाव लिहिलं नव्हतं. अकरा दिवसांसाठी कोण लिहितो? माझे डोळे भरून आले आणि मी उगाचच वैशालीवर खेकसले, की कात्री कुठे ठेवलीस.

शनिवारी शेवटचा स्क्रू बसला. दारांना, बाजूच्या पत्र्यांनाही अस्तर झालं. खिडक्यांना जाड पडदे. त्या दिवशी मी पटांगणात मुद्दाम गेले नाही. हात लावून बघायची इच्छा फार होती, पण अट म्हणजे अट.

रविवारी साडेअकराला अभय आला. तिशीचा पोरगा, गॉगल लावलेला, हातात मापाची टेप. "काकी, टेन्शन नॉट," मला म्हणाला. "तुम्ही आरामात टेस्ट करा. मला पाहिजे गाडी, पण तुमची पाहिजे तर तुमची." चांगला पोरगा होता, म्हणून त्याचा जास्त राग आला. गाडी भर उन्हात उभी केली होती. टपाला हात लावाल तर चटका बसेल अशी. तात्या सकाळपासून कट्ट्यावर येऊन बसले होते.

बाराला मी आत चढले. पलंगावर पाठ टेकली. खिडक्या चार बोटं उघड्या होत्या.

आधी काहीच वाटलं नाही, आणि मला धडकी भरली की आता येईल. लहानपणी तो उकाडा असा यायचा, आधी कपाळावर, मग मानेमागे, मग श्वासात. मी त्याची वाट बघत पडले. वर पांढरं कापड होतं. बाहेर तात्या खोकले. अभय गंगाधरांना काहीतरी विचारत होता, आणि हे हूं हूं म्हणत होते. मला वाटलं, येईल आता. पाच मिनिटांनी वाटलं, येईल. मग मला वाटलं की तात्यांनी आज चहा घेतला की नाही, विचारायला हवं होतं. पाच दिवस मशीनवर बसून कंबर मोडली होती, ती गादीवर हळूहळू सैल व्हायला लागली. मग मला काहीच वाटलं नाही.

मी जागी झाले ती शांततेने. आमच्या पटांगणात एवढी शांतता कधीच नसते. क्षणभर कळेना मी कुठे आहे. हात बाजूला गेला तर अनुजाची मोठी पिशवी लागली. आत माझे कपडे, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या. पडदा सारला. बाहेर मोठा रस्ता, पलीकडे भाताची कोरडी शेतं, आणि त्यांच्या मागे डोंगर. घड्याळात चार वाजले होते.

मी दार उघडलं. उन्हाचा असा झोत तोंडावर आला की डोळेच मिटले. गाडी उघड्यावर उभी होती, झाडाची म्हणून सावली नाही. गंगाधर रस्त्याच्या कडेला डोक्यावर रुमाल टाकून एका दगडावर बसले होते. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड लालबुंद. मला बघून उभे राहिले.

"हे काय? कुठे आहोत आपण?"

"वडखळ."

"वडखळ? आणि अभय?"

"दोन वाजेपर्यंत थांबणार होता. साडेबारालाच तू घोरायला लागलीस. तो म्हणाला, काका, मी जातो. तात्या म्हणाले, उभ्या गाडीचां काय, आधीचां छत चालत्या गाडीत पडलां होतां, चालवून बघ. अनुजाने पिशवी आत टाकली. मग मी हळूहळू काढली बाहेर." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "चाळीसच्या वर नेली नाही. सायन-पनवेलला मागचे लोक फार हॉर्न मारत होते. तू हललीही नाहीस."

"छत?"

"टाचणीभरही हललं नाही."

मला त्यांना झोडपून काढावंसं वाटलं. मला न विचारता, झोपेत उचलून, पाऊणशे किलोमीटर! तोंडाचा पट्टा सुरूच करणार होते, तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली.

"आणि इथे का थांबलात? किती वेळ झाला?"

"झाला असेल पाऊण तास."

"उन्हात? पाऊण तास? कशासाठी?"

त्यांनी पुढे बोट दाखवलं. नाक्यावर रस्ता फुटत होता. "उजवीकडे अलिबाग आहे. डावीकडे महाड. तुला विचारल्याशिवाय कसं वळणार? आणि उठवावंसं वाटेना."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पाऊण तास हा माणूस डांबराच्या कडेला भाजत बसला होता, आणि त्याच उन्हात, त्याच्यापासून चार पावलांवर, पत्र्याखाली मी गाढ झोपले होते. मी मानेमागे हात नेला. बोटं कोरडी परत आली. मग मला एकदम रडू आलं, आनंदाचं, चांगलं मोठ्याने, आणि मी ते आवरलं नाही. गंगाधर घाबरले.

"घाम आला का? खरं सांग, बकुळा. परत फिरू?"

मी त्यांचा हात ओढून माझ्या मानेवर ठेवला. त्यांचा तळवा ओला होता, मान कोरडी होती. ते हात तसाच ठेवून उभे राहिले, आणि एक ट्रकवाला आमच्याकडे बघून लांबलचक हॉर्न वाजवत गेला.

"चला," मी डोळे पुसत म्हटलं, "आधी आत येऊन जरा पडा. तासभर झोपा. मी बसते इथे."

"आणि वळायचं कुठे?"

"ते तुम्ही उठलात की ठरवू," मी म्हटलं. "दोघं मिळून."